काळजी नसावी : वाचकांचे प्रश्न, फौजी आबांची उत्तरे

गेल्या अंकात माझी मुलाखत आली आणि तिच्याखाली संपादकांनी 'प्रश्न पाठवा' असा चौकोन टाकला. मला वाटलं, चार-पाच पत्रं येतील. ६१ आली. त्यातली निम्मीशिम्मी 'सुभेदार साहेब' म्हणून सुरू होतात, तेव्हा आधी तेवढं निस्तरून टाकतो. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून घरी आलो. १९८५ ला भरती, २००९ ला पेन्शन. आमच्या बोरीकाठच्या गावात मिशा राखलेला कुठलाही पेन्शनर सुभेदारच असतो, त्याला माझा इलाज नाही. सगळ्या पत्रांना इथं जागा नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पूर्ण नावं छापू नका, असं मीच सांगितलं आहे.

तोफा डागणारा माणूस कादंबऱ्या कसा काय लिहायला लागला? घरात कोणी लेखक होतं का?
— स्वा. पा., अमळनेर

घरात लिहिलेला कागद म्हणजे सातबारा. तोही तलाठ्याच्या अक्षरातला.

आणि मी तोफ डागत नव्हतो, बेटा. मी टीए होतो, टेक्निकल असिस्टंट. वर डोंगरावर ओपीत, म्हणजे टेहळणीच्या चौकीत, बसलेला अधिकारी दुर्बिणीतून निशाण बघतो आणि वायरलेसवर सांगतो. खाली कमांड पोस्टात आम्ही नकाशा, पट्टी आणि रेंज टेबल, म्हणजे कुठल्या अंतराला किती कोन त्याचा तक्ता, घेऊन हिशोब करायचा : तोफेचं तोंड कुठं, कोन किती, बारुदाचा चार्ज कितवा. गोळा पडला की वरून आवाज येतो, 'ड्रॉप दोनशे', म्हणजे दोनशे मीटर अलीकडे घ्या. किंवा 'ॲड शंभर', म्हणजे शंभर पुढे सरका. माझं गणित बरं होतं म्हणून या कामाला लावलं. अक्षर बरं होतं म्हणून आणखी एका कामाला लावलं, आणि लेखक झालो तो त्या दुसऱ्या कामापायी.

ते काम म्हणजे पत्रं. तेव्हा मोबाईल नव्हते. फील्डमध्ये पत्राच्या पत्त्यावर गावाचं नावसुद्धा नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, संपलं. बायकोला कळत नाही नवरा राजस्थानात आहे की काश्मिरात. आमच्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, पाच-सहा जण असे होते की त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही, पण इनलँड समोर ठेवलं की हात जड व्हायचा. चाळीस किलोच्या वरचा गोळा उचलणारा माणूस, पण पेन उचलवत नसे. ते येऊन बसायचे, 'लिही रे' म्हणायचे. मेहनताना म्हणून मेसमधून जास्तीचा एक मग चहा.

प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली. 'येथील सर्व क्षेम. मी खुशाल आहे. काळजी नसावी.' त्याच्यापुढे मात्र एकेकाचं निराळं. एकाला बैल विकला का ते विचारायचं असायचं, पण विकला असेल तर भावाने पैसे ठेवून घेतले, असा संशय होता. तोही पत्रात दिसला पाहिजे आणि भावाने वाचलं तर दिसताही कामा नये. एकाची बायको माहेरी जाऊन बसली होती. तो मला म्हणाला, 'ये म्हणून लिही, पण मी बोलावलं असं वाटायला नको.' हे वाक्य कसं लिहायचं यावर मी एक अख्खी रात्र ड्युटी काढली. पाच-सात वर्षांत मला सोळा-सतरा घरांची भांडणं तोंडपाठ झाली होती आणि त्यातलं एकही घर मी पाहिलेलं नव्हतं.

पेन्शनीवर आल्यावर एका जिनिंगमध्ये रात्रीचा वॉचमन लागलो. दिवाळी ते होळी, कापसाचा हंगाम. जिनिंगमध्ये रात्री एकच भीती, आगीची. विडी ओढणारा दिसला की हाकलायचा, गाडी आली की आवक-जावक रजिस्टरात नंबर टाकायचा. मध्ये तीन-तीन तास कोणी फिरकत नाही. रजिस्टरची डावी पानं कोरी असायची. त्या पानांवर पहिली कादंबरी झाली, एका हंगामात दोन रजिस्टरं. मालकाच्या हाती एक रजिस्टर लागलं, तेव्हा वाटलं नोकरी गेली. दोन दिवसांनी त्याने मला बोलावून विचारलं, 'आबा, ती बाई परत येते का नाही?' तो पहिला वाचक. बाई परत आली ती त्याच्यामुळेच, माझा विचार वेगळा होता.

रोज किती वाजता लिहिता? फौजेतली शिस्त लेखनात कामी येते का?
— चोपडा, एरंडोल, साक्री, शहादा इथून एकूण नऊ पत्रं

नाही येत. सगळ्यांना वाटतं मी पहाटे साडेचारला उठून बूट चमकवून लिहायला बसतो. साडेचारला मी उठतो, पण म्हशीसाठी. फौजेची शिस्त म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेला दुसऱ्याने सांगितलेलं काम. लिहायला बसलेल्या माणसाला सांगणारा कोणी नसतो. वॉचमनकी सोडल्यावर मी आठ महिने एक ओळ लिहिली नाही. शेवटी घरच्या पोर्चमध्ये एक लाकडी खुर्ची टाकली, रात्री गेटाकडे तोंड करून बसायला लागलो, हातात बॅटरी घेऊन. मग आलं. शेजारी अजून विचारतात की आबा कोणाची राखण करतात.

तुमच्या दुसऱ्या कादंबरीत नायकाला सहा किलोमीटरवरच्या डोंगरावर शत्रूची तोफ चमकलेली दिसते आणि 'त्याच क्षणी' धडाका ऐकू येतो. मी ३४ वर्षे विज्ञान शिकवले. हे कसे शक्य आहे?
— निवृत्त शिक्षक, धुळे

गुरुजी, पाय धरतो.

ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, बर्फात थोडे जास्तच. म्हणजे सहा किलोमीटरला अठरा-एकोणीस सेकंद. चमक दिसली की मोजायला लागायचं आणि आवाज आला की थांबायचं. त्यावरून समोरची तोफ किती लांब याचा अंदाज येतो. हे आम्ही पोट भरायला केलेलं काम. नवीन पोरांना हेच शिकवताना मी ओरडलेलो आहे. आणि पुस्तकात मीच 'त्याच क्षणी' लिहिलं.

का लिहिलं तेही सांगतो. ते वाक्य दिसायला छान होतं. चमक आणि धडाका, एका दमात. अठरा सेकंद त्या माणसाला काय करायला लावू, हे मला सुचलं नाही. खोटं लिहायचं ठरवून कोणी लिहीत नाही, सुचलं नाही की खोटं लिहिलं जातं.

नव्या आवृत्तीत दुरुस्त केलं आहे. चमक दिसल्यावर नायक हातातल्या मगातल्या चहावर फुंकर घालतो, एक घोट घेतो, मग ठेवायला जागा शोधतो, आणि जागा सापडायच्या आत आवाज येतो. खरंच असंच असतं. माणूस मोजतही असतो आणि चहाही पीत असतो. ते पान आता पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे असं लोक कळवतात. त्याचं श्रेय तुमचं.

तुम्ही विज्ञानाचे म्हणून आणखी एक सांगतो, जे कादंबरीत बसलं नाही. द्रास समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच आहे आणि आमची निशाणं त्याच्याही वर. तिथं हवा विरळ, गोळ्याला अडवणारं कमी. मैदानासाठी केलेल्या टेबलाप्रमाणे हिशोब केला तर गोळा निशाणाच्या पलीकडे जाऊन पडतो. उलट बारूद थंडीने गारठलेलं असलं की जोर कमी आणि गोळा अलीकडे. १९९९ च्या जूनमध्ये हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं. त्या दिवसांत आम्ही रेंज टेबलाच्या समासात पेन्सिलीने जे आकडे लिहिले, ते खोडून पुन्हा लिहून कागदाला भोकं पडली होती. बोफोर्सचं नाव झालं ते झालंच, पण माझ्या डोळ्यांसमोर ती समासाची भोकं येतात.

तुमच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीत एवढ्या लढाया लढून नायक शेवटी गाडीच्या अपघातात मरतो! मी रात्री दीड वाजता ती संपवली आणि भिंतीवर फेकली. त्याला लढाईत वीरमरण तरी द्यायचं.
— सौ. म. दे., पाचोरा

ताई, प्रकाशकाचं म्हणणंही तेच होतं. 'आबा, शेवटच्या वीस पानांत एक चढाई घाला, पाच आवृत्त्या जास्त जातील.' मी घालूनही पाहिली. दोन दिवस लिहिली, चांगली जमली होती. तिसऱ्या दिवशी फाडली.

माझा एक जोडीदार होता, साताऱ्याकडचा, तोफेवरचा. नाव सांगत नाही, घरी माणसं आहेत. त्याची पत्रं मी लिहायचो. कारगिलच्या वेळी त्याची बोटं थंडीने फुटून काळी पडली होती, उखळीत घातल्यासारखी दिसायची. तो माझ्याजवळ बसून सांगायचा, 'लिही, इथं थंडी अजिबात नाही, स्वेटर काढून फिरतो.' मी लिहायचो. 'जेवण चांगलं मिळतं.' मी लिहायचो. 'काळजी नसावी.' हे मी आपणहून घालायचो, ते तर ठरलेलंच.

त्या लढाईतून तो आणि मी, दोघेही धड परत आलो. त्यानंतर दीड वर्षाने, दुसऱ्याच डोंगरात, रेशन आणायला गेलेली गाडी बर्फावरून घसरली. त्यात तो होता. फौजेच्या कागदावर दोन रकाने असतात : बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं. गावात कमान नाही, चौकाला नाव नाही, सव्वीस जुलैला हार नाही.

त्याचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो. काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर. वहिनीने चहा ठेवला, आणि घरातून बिस्किटांचा एक डबा घेऊन आली. डब्यात पत्रं. एकतीस. सगळी माझ्या अक्षरातली.

म्हणाली, 'भावजी, हे अक्षार तुमचं न्हवं का?'

मी हो म्हणालो.

'मला तिसऱ्या पत्रालाच कळलं हुतं. ह्यांच्या तोंडनं कंदी काळजी नसावी आलं न्हाई. हे म्हनायचे, काळजी करून काय व्हनार हाय?' आणि थोड्या वेळाने विचारलं, 'ह्यातलं खरं किती हुतं?'

एकतीस पत्रं मी लिहिलेली. एकेक ओळ मला माहीत. तरी तोंडातून एवढंच आलं, 'थंडी होती.'

ती 'हां' म्हणाली आणि पत्रं परत डब्यात लावायला लागली, तारखेप्रमाणे.

त्या कादंबरीचं पहिलं वाक्य 'थंडी होती' आहे, तुमच्या लक्षात असेल. आता सांगा, त्या माणसाला मी शेवटच्या वीस पानांत कुठल्या डोंगरावर चढवू?

भिंतीवर फेकल्याने शिवण सुटली असेल तर कळवा, दुसरी प्रत पाठवतो.

मी सध्या सैन्यात नोकरीला आहे. मलाही लिहायचं आहे. आत्ताच सुरू करू का? मोबाईलवर गोष्टी टाकल्या तर चालेल का?
— एक जवान, शिरपूर तालुका

लिहायला सुरुवात कर, छापायला नको. मोबाईलवर तर अजिबात नको.

आर्मी रूल्स १९५४ मधला २१ वा नियम युनिटच्या ऑफिसात मागून वाच. फौजेच्या विषयावर किंवा फौजेची माहिती असलेलं पुस्तक, लेख, पत्र, काहीही छापायचं असेल तर आधी केंद्र सरकारची, किंवा सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. 'ही तर नुसती गोष्ट आहे' असं म्हणून सुटका होत नाही. तुझ्या प्रेमकथेतल्या नायकाची पोस्टिंग कुठली, हे कोणीतरी वाचणारच. तेव्हा विचारूनच पुढे जा. आणि पेन्शनीनंतर मोकळं रान मिळतं असंही समजू नकोस. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा काही आपल्याबरोबर रिटायर होत नाही. माझ्या अकरा कादंबऱ्यांत एकाही खऱ्या चौकीचं नाव नाही, तोफा किती आणि कुठं तेही नाही. वाचकाचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी नोकरीत असताना एक वही ठेवली होती. तिच्यात जागा नाहीत, तारखा नाहीत, नावं नाहीत. फक्त कोण काय बोललं. 'बर्फाला वास असतो, पण रात्रीच.' 'आईने पाठवलेलं लोणचं उघडणार नाही, संपेल.' 'सुट्टीच्या पहिल्या दिवशी घरात पाहुण्यासारखं वाटतं आणि शेवटच्या दिवशी चोरासारखं.' अशी वही कोणी जप्त केली तरी काही निघत नाही, आणि लिहायला बसलास की सगळं तिच्यातूनच निघतं.

कादंबऱ्यांवर पैसा किती मिळतो? पेन्शन बंद झाली तरी चालेल एवढा?
— भुसावळ

भाऊ, असलं अभद्र बोलू नका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी सगळ्यांच्या आधी हजर असतो.

हिशोब ऐका. २५० रुपयांचं पुस्तक, १००० प्रतींची आवृत्ती, लेखकाला दहा टक्के. शेवटची प्रत खपली तर २५,००० रुपये. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तर मीच पैसे दिले होते. एका प्रकाशकाने ४०,००० घेतले, हजार प्रती छापतो म्हणाला, ३०० बांधून दिल्या आणि बाकीचे नुसते फर्मे पोत्यात भरून घरी पाठवले. बांधणीचे पैसे वेगळे, म्हणे. ती पोती दोन पावसाळे माळ्यावर होती. त्या ३०० प्रती मी कॅन्टीनच्या रांगेत विकल्या. पिशवीत पाच न्यायच्या, रमच्या बाटलीच्या आशेने उभा असलेला माणूस फार उदार असतो.

आता बरं आहे. दिवाळी अंक असतात, आणि ऑडिओवर कादंबऱ्या आल्यापासून ऐकणारे वाढले. रावेरकडे केळीच्या गाड्या भरणारी पोरं कानात लावून ऐकतात असं त्यांनीच कळवलं, घड उचलताना हात मोकळे राहतात म्हणून. सगळं मिळून वर्षाला एका बऱ्यापैकी म्हशीची किंमत होते. कुठल्या वर्षी दुभती, कुठल्या वर्षी भाकड.

बहिणाबाई, बालकवी यांच्या खान्देशात तुम्ही टाइमपास कादंबऱ्या लिहिता याचं वाईट वाटत नाही?
— एक साहित्यप्रेमी, जळगाव

नाही वाटत. आसोदा आणि धरणगाव दोन्ही मला जवळ आहेत, दोघांनाही माझ्यापासून काही धोका नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं अमळनेरचं संमेलन १९५२ चं, म्हणजे ७२ वर्षांनी गावात मांडव पडला होता. मी रोज गेलो. पुस्तकांच्या गाळ्यात एक गृहस्थ माझी कादंबरी हातात घेऊन उभे होते. कव्हरवर तोफही आहे आणि बाईही आहे, ती काही माझी हौस नाही. त्यांनी मागचं-पुढचं पाहिलं, आणि पुस्तक परत ठेवताना कणा आतल्या बाजूला करून ठेवलं. मी मागेच उभा होतो. ते गेल्यावर सरळ करून ठेवलं.

टॉलस्टॉय तोफखान्यात होता. १८५४-५५ ला सेवास्तोपोलच्या वेढ्यात त्याने तोफांवर नोकरी केली. हे मी आमच्या गावच्या मास्तरांना एकदा ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, 'आबा, साम्य तेवढ्यावरच थांबवा.'

आबा, तुम्हीन बठ्ठं मराठीमा लिखतस, आपली अहिराणीमा काब्र नही?
— दोंडाईचा

तुन्हं बरोबर शे, भो. पण ऐक.

माझ्या मायला वाचता येत नव्हतं. मी मराठीत पत्र लिहायचो, ते शेजारचा पोऱ्या तिला अहिराणीत सांगायचा. 'येथील सर्व क्षेम' म्हणजे 'अठे बठ्ठं बरं शे'. मग माय तिचं अहिराणीत बोलायची आणि तो पोऱ्या, शाळेतला हुशार, त्याचं शुद्ध मराठी करून मला पाठवायचा. मला यायचं 'आपली आठवण येते'. मायने मला आयुष्यात कधी 'आपली' म्हटलं नाही. ती काय म्हणाली असेल ते मी तिकडं बसून परत अहिराणीत करायचो. 'तुन्ही याद येस रे.' असं चोवीस वर्षं.

युनिटात अहिराणी बोलायला एकच जण होता, साक्रीचा. तो बदलून गेल्यावर कोणी नाही. आकडे मी अजूनही हिंदीत मोजतो, रागावतो मराठीत, आणि अहिराणी येते ती फक्त बायकांच्या तोंडी लिहिताना. म्हणून माझ्या कादंबऱ्यांतल्या आया आणि आज्या अहिराणी बोलतात, बाकी सगळे मराठी. प्रकाशकाने तळटीपा मागितल्या, मी दिल्या नाहीत. दुसऱ्या पानापर्यंत 'शे' म्हणजे 'आहे' हे कोणालाही कळतं, असा माझा समज होता. पुण्याच्या एका वाचकाने मात्र विचारलं, 'भाकर शे' म्हणजे शंभर भाकरी का?

अख्खी अहिराणी कादंबरी सुरू केली आहे. बोलणारी माय आहे, ऐकणारा लांब आहे. चाळीस पानं झाली. पत्रं नाहीत तिच्यात.

आबा, तोप उडवल्यावर आवाज किती मोठा होतो? तुमचे कान दुखतात का?
— इयत्ता सातवी, यावल

आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. पोटात कोणी आतून टिचकी मारल्यासारखं. आम्ही कानात कापूस घालायचो, कोण जाणे, आपल्याच खान्देशातला असेल. आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे पडद्यावर जोर कमी येतो. मी कमांड पोस्टात, तोफेपासून जरा लांब, तरी माझा डावा कान गेलाच. त्यात आता दिवसरात्र रातकिडा वाजतो. तोफेवरच्या पोरांचं याहून वाईट आहे.

त्याचा एक उपयोग झाला. माझं लिहिलेलं मी स्वतः परत वाचत नाही. संध्याकाळी ओट्यावर तुझी आजी, म्हणजे माझी बायको, शेंगा फोडत बसते आणि मोठ्याने वाचून दाखवते. मी उजवा कान करून बसतो. जिथं तिला कंटाळा येतो तिथं तिचा आवाज आपोआप खाली जातो आणि मला ऐकू येत नाही. मी विचारतो, 'काय म्हणालीस?' ती म्हणते, 'काही नाही, पुढं चला.' मी पेन घेऊन तेवढं खोडतो. कधी कधी पानभर जातं. तिलाही आता फौजेची भाषा लागली आहे, फारच लांबण लागली तर शेंगा बाजूला ठेवून 'ड्रॉप दोनशे' म्हणते.

तुझं पत्रही तिनेच वाचलं. सगळं ऐकू आलं. तू तोफेला 'तोप' लिहिलं आहेस, ते राहू दे. आमच्या गावातही तोपच म्हणतात.